काळ्या खोक्याची राखीव जागा

खोकी बोलत असत त्या काळची गोष्ट. एका दुकानात दोन तयार कॉम्प्युटर शेजारी शेजारी बसत. एक काचेचा, रंगीत दिव्यांचा आणि दुसरा काळा, ठोकळ्यासारखा.

"माझ्यावर आजच गेम खेळा," काचेचा गिऱ्हाइकाला म्हणाला.

"माझ्यात आज तेवढा दम नाही," काळा म्हणाला. "पण पोटात गेम पळवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची जागा आहे. आज स्वस्तात न्या, उद्या वाढवा."

गिऱ्हाईक होते विसूभाऊ टिपणीस, मोठे दूरदृष्टीचे. त्यांनी काळा उचलला. काचेचा त्यांच्याच शेजाऱ्याकडे गेला.

काळा कार्डाची वाट पाहू लागला. विसूभाऊ दर दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालत आणि म्हणत, "कार्डांचे भाव पुढच्या वर्षी उतरतील. थांबू या."

तिसऱ्या वर्षी त्या जागेत एक कोळी शिरला.

"ही जागा राखीव आहे हो," काळा म्हणाला.

"कुणासाठी?" असं विचारून कोळ्याने जाळं विणायला घेतलं.

सहाव्या दसऱ्याला भिंतीपलीकडे काचेच्यावर गेम रंगला होता. इकडे विसूभाऊंनी काळ्याचं झाकण उघडलं, जाळं झटकलं आणि बायकोला कौतुकाने हाक मारली, "अगं, बघ तरी! अजून केवढी जागा आहे!"