किर्रूची जुनी पेटी

जुईचा बाबा एवढासा होता ना, अगदी तुझ्याएवढा, तेव्हा त्यांच्या घरात एक कॉम्प्युटर आला. जाडजूड, पोट सुटलेला. त्यात राहायचा किर्रू. किर्रू म्हणजे इवलासा रातकिडा. संध्याकाळी घरात दिवा लागला, की किर्रू गायचा.

किर्र किर्र, किर किर किर्र.

गाणं ऐकलं की बाबाचं तोंड उघडायचं. आऽऽ. घास आत.

बाबा मोठा झाला. त्याला मिशा आल्या. मग घरात जुई आली. कॉम्प्युटर तोच, किर्रू तोच, गाणंही तेच. आता जुईचं तोंड उघडायचं. आऽऽ. घास आत.

किर्रूकडे स्वतःचा सूर नव्हता बरं का. कॉम्प्युटरमध्ये एक सूरपेटी होती. सगळ्यांची मिळून एकच. घंटा तिच्यातून सूर घ्यायची, टण टण. बेडूक तिच्यातून सूर घ्यायचा, डराव डराव. किर्रूही घ्यायचा. कुणाचं भांडण नाही, तंटा नाही.

एके दिवशी नवी पेटी आली. चकचकीत. धप्पकन जुनीच्या जागी बसली. जुनी पेटी गेली.

दिवा लागला. घंटा वाजली, टण टण. बेडूक ओरडला, डराव डराव. किर्रूने गाणं सुरू केलं.

फुस्स.

जुईने तोंड घट्ट मिटून घेतलं. वरणभात गार झाला. हसतोस काय? काल तोंड कुणी मिटलं होतं?

किर्रूला फार वाईट वाटलं. तो गेला नव्या पेटीकडे. टुण टुण टुण.

"पेटी, पेटी, सूर दे ना.
जुई घास खाईना."

पेटी म्हणाली, "मी सूरपेटी तीन. तुझं गाणं सूरपेटी दोनचं. माझ्यातून कसं निघेल? गाठोडं बांधून मला मालूताईंनी पाठवलं. त्यांनाच विचार."

आता मालूताई राहतात कॉम्प्युटरच्या तारेच्या पलीकडे, तारेच्या गावात. फार छान गाव. तिथली माणसं पेट्या करतात आणि कुणालाही देऊन टाकतात. घ्या, वाजवा, दुसऱ्याला द्या.

किर्रू तारेत शिरला. सुर्रर्र. बाहेर पडला. टुण टुण टुण.

"मालूताई, मालूताई, गाठोडं बांधा ना.
पेटी सूर देईना,
जुई घास खाईना."

मालूताईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई. गावाची रीत आहे, गाठोड्यावर नाव लिहायचं आणि नंबरही लिहायचा. मी लिहिलं नुसतंच सूरपेटी. नंबर राहिला. म्हणून नवी जुनीच्या जागी जाऊन बसली. बांधते हो जुन्या पेटीचं दुसरं गाठोडं. पण नंबर हमीदचाचा देतात. आधी त्यांच्याकडे जा."

सुर्रर्र. टुण टुण टुण.

"हमीदचाचा, हमीदचाचा, नंबर द्या ना.
मालूताई गाठोडं बांधेनात,
पेटी सूर देईना,
जुई घास खाईना."

हमीदचाचा म्हणाले, "देतो की बेटा. पण नंबर दिला आणि पेटी वाजलीच नाही, तर लोक मलाच बोलतील. आधी बेनूताईला वाजवून बघू दे."

सुर्रर्र. टुण टुण टुण.

"बेनूताई, बेनूताई, पेटी वाजवून बघा ना.
हमीदचाचा नंबर देईनात,
मालूताई गाठोडं बांधेनात,
पेटी सूर देईना,
जुई घास खाईना."

बेनूताई म्हणाली, "अरे, पेटी कुठंय? हवा वाजवू का? ती पेटी केली वासूआजोबांनी. त्यांच्या माळ्यावर असेल. घेऊन ये."

सुर्रर्र. टुण टुण टुण. किर्रूचे पाय दुखायला लागले.

"वासूआजोबा, वासूआजोबा, पेटी काढा ना.
बेनूताई वाजवून बघेनात,
हमीदचाचा नंबर देईनात,
मालूताई गाठोडं बांधेनात,
पेटी सूर देईना,
जुई घास खाईना."

वासूआजोबा खुर्चीत बसले होते. एकटेच. ते म्हणाले, "जुनी झाली रे ती. कोण ऐकतंय आता? एक जरी ऐकणारं असेल, तर माळ्यावर चढतो. नाहीतर माझे गुडघे का दुखवू?"

किर्रू काय करणार? गाऊन दाखवावं, तर फुस्स.

तो घरी परत आला. सुर्रर्र. टुण. टुण. टुण.

"जुई, जुई, गाणं म्हण ना.
वासूआजोबा पेटी काढेनात,
बेनूताई वाजवून बघेनात,
हमीदचाचा नंबर देईनात,
मालूताई गाठोडं बांधेनात,
पेटी सूर देईना,
आणि जुई, तू घास खाईना."

जुईने किर्रूकडे बघितलं. घासासाठी मिटलेलं तोंड तिने गाण्यासाठी उघडलं. गाणं अर्धंच येत होतं. पण म्हटलं.

"किल्ल किल्ल, किल किल..."

ते अर्धं गाणं किर्रूने पाठीवर घेतलं. सांडू न देता नेलं. सुर्रर्र. वासूआजोबांच्या कानाशी अलगद ठेवलं.

"किल्ल किल्ल, किल किल..."

आजोबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. "माझी छकुली जेवायची नाही," ते म्हणाले. "तिच्या घासासाठी केली होती रे मी ही पेटी. छकुली आता मोठी झाली. लांब गेली." मग ते उठले आणि गुडघे धरत धरत माळ्यावर चढले.

आता बघ हं गंमत.

जुईने गाणं म्हटलं,
मग आजोबांनी पेटी काढली.
आजोबांनी पेटी काढली,
मग बेनूताईने वाजवून बघितली. पीं पीं, छान.
बेनूताईने वाजवून बघितली,
मग हमीदचाचांनी नंबर दिला. दोन.
हमीदचाचांनी नंबर दिला,
मग मालूताईंनी गाठोडं बांधलं. नाव लिहिलं, नंबर लिहिला, पुन्हा एकदा वाचून बघितला.

गाठोडं तारेतून आलं. सुर्रर्र. धप्प.

सूरपेटी तीन जराशी सरकली. सूरपेटी दोन तिच्या शेजारी बसली. कुणी कुणाला ढकललं नाही. घंटा वाजली तीनमधून, टण टण. बेडूक ओरडला तीनमधून, डराव डराव. किर्रूने सूर घेतला दोनमधून.

किर्र किर्र, किर किर किर्र.

जुईचं तोंड उघडलं. आऽऽ. घास आत.

आणि शेजारी आणखी एक तोंड उघडलं. आऽऽ. मिशांच्या खाली. बाबाला कळलंसुद्धा नाही.

जुईने वाटीत हात घातला. एवढासा घास केला. आणि बाबाला भरवला.

किर्रू गातोय, वाटी रिकामी झाली, आपली गोष्टही संपली. चल, आता हात धुऊ.