चिखलाची माता

जगातले सगळे संत मला तोंडपाठ आहेत. हसू नका! फादरांनी विचारलं तेव्हा घडाघडा पाच सांगितले. त्यातला एक आपला पाववाला निघाला, ते सोडा. ब्रिजेट, पाय आत घे. एल्टन, नाकातलं बोट काढ, संत बघतायत.

तर खाडीच्या काठी एक गाव होतं. एवढंसं, की एका टोकाला कुत्रा भुंकला की दुसऱ्या टोकाचा माणूस म्हणायचा, "गप रे." तिथे रेजीनबाय राहायची. तिची एकुलती एक पोर फिलू, पलीकडच्या गावी दिलेली. फिलूची सासू कतरीनबाय म्हणजे नुसती मिरची! म्हणायची, "माहेरी सण असेल तरच सून पाठवीन." आता सण कुणाचा असतो? गावच्या संताचा. आणि या गावाला संतच नव्हता, बरं का! सण नाही, म्हणून फिलू नाही. आईने लेकीच्या सासरी जायची तेव्हा रीत नव्हती. रेजीनबाय रोज खाडीपलीकडे बघत बसायची.

मग एक दिवस तिने पदर खोचला आणि निघाली संत मागायला.

आधी गेली कोळीवाड्यातल्या चर्चमध्ये. तिथे संत पेत्र जाळं विणत बसलेले. म्हणाले, "तुमच्या गावात होड्या आहेत?"

"नाहीत."

"मग मी तिथे येऊन काय करू?"

मग गेली संत अंतोनींकडे. ते बाकाखाली डोकं घालून कुणाची तरी अंगठी शोधत होते. तिथूनच म्हणाले, "तुमच्या गावात काय हरवतं?"

"हरवायला आधी असावं लागतं, बाबा."

मग दमून भागून चढली टेकडीवरच्या मरियामातेकडे. माता जरीच्या झग्यात, कडेवर बाळ येशू, त्याच्या डोक्यावर हा एवढा मुकुट! रेजीनबाय म्हणाली, "माते, तू दर्याची आहेस, डोंगराची आहेस, लुर्दच्या झऱ्याचीसुद्धा आहेस. मग आमची का नाहीस?"

"तुमच्याकडे काय आहे?"

"चिखल!" रेजीनबाय रडायलाच लागली. "दुसरं काय असणार?"

बाळाने टाळ्याच पिटल्या! माता हसली. म्हणाली, "याला बिचाऱ्याला मातीत कुणी खेळूच देत नाही. तू हो पुढे."

सकाळी गाव उठून बघतं तर काय! खाडीच्या चिखलात अनवाणी पावलं. मोठी दोन, इवलीशी दोन. आणि एका खेकड्याच्या डोक्यावर मुकुट! मग लोकांनी तिथे मांडव घातला, क्रूस उभारला आणि सण ठरवला चिखलाच्या मातेचा.

कतरीनबायला कळलं. "असली कुठे माता असते?" म्हणत ती स्वतः बघायला आली. नवे बूट घालून! क्रूसाजवळ आली आणि फच्च! गुडघ्यापर्यंत आत. गड्यांनी ओढलं, निघेना. बैलांनी ओढलं, निघेना. बँडवाल्यांनी ओढलं, तर आणखी कमरेपर्यंत गेली. आणि चिखलातून आवाज कसला येतोय? बाळ खिदळतंय!

रेजीनबाय काठावर बसून म्हणाली, "विहीणबाई, फिलूला पाठवता ना?"

"पाठवते गं बाई! दर सणाला पाठवते!"

फच्च! सुटली बाहेर. एक बूट मात्र अजून आत आहे.

मग फिलू आली. मायलेकी गळ्यात पडल्या. मैद्याचे गोल गोल फुगे तळले, बँड वाजला, सगळे पोटभर जेवले. कतरीनबायसुद्धा, एका बुटावर. झालं, संपली गोष्ट. मिटा डोळे, नाहीतर तो बूट रात्री पांघरुणात शिरेल.

आता ही तुमची आजी का उठून बसली?

"फिलू गेली ना माहेरी? बरं झालं. परवा माझ्या माहेरचा सण आहे. गेल्या वर्षी ऐन सणाला यांना ताप आला होता, त्याआधी कंबर धरली होती. पोरांनो, या वर्षी काय दुखणार आहे, ते आजोबांना आत्ताच विचारून ठेवा."