मत्स्याचा राजा आणि वाळकी चानकी

ज्याच्या घरात खेळातली सगळी पानं आहेत, तो कधी हरू शकतो का? विचार करून ठेवा. तोवर मी गोष्ट सांगते.

फार वर्षांपूर्वी, घाणे बैल ओढत आणि राजे हत्तीवरून फिरत, तेव्हा एका गावात एक तेलीण राहायची. तिला गंजिफांचा भारी नाद. गंजिफा म्हणजे गोल, रंगवलेले, लाखेने चकचकीत केलेले पत्ते; त्यांत मत्स्य, कासव, वराह असे दहा अवतारांचे दहा गट, आणि दर गटात एक राजा नि एक प्रधान. फिरते चितारी ते सुटे विकत, आणि लोक आपसांत अदलाबदल करून आपला जोड पुरा करत.

तेलिणीने अंड्यावरची कोंबडी देऊन कासवाचा प्रधान मिळवला. नवऱ्याचा ठेवणीतला फेटा देऊन वराहाचा राजा घेतला.

"त्या राजाच्या मुकुटापायी माझं डोकं उघडं पडलं की गं," तेली म्हणाला.

शेवटी एकच पान उरलं, मत्स्याचा राजा. तो होता शेजारच्या कासारणीकडे. तिचा जोड आईकडून आलेला, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. पण तेली, तेलीण आणि कासारीण रोज दुपारी खेळत ते त्याच पानांनी.

"घे बाई," कासारीण म्हणाली. "माझा जोड मोडला तर मोडला. आता तुझ्या पानांनी खेळू."

तेलिणीने राजा घेतला, जोड पुरा केला, तांब्याच्या डब्यात घातला आणि डब्यावर पाटा ठेवला.

दुसऱ्या दुपारी कासारीण खेळायला आली.

"आज नको गं," तेलीण म्हणाली. "हात तेलकट आहेत."

"तेलिणीचे हात तेलकट नसतील तो दिवस कोणता, तेवढा सांगून ठेव."

पुढे कधी हवा दमट निघाली, कधी उन्हाने रंग उडतील अशी भीती निघाली. एके दिवशी कासारीण उंबऱ्यातूनच म्हणाली, "तुझा जोड अपुरा होता ना, तेव्हा तू बरी होतीस." त्यानंतर ती आली नाही.

तेलिणीने दार लावून पानं काढली. स्वतःच तिघांची पानं वाटली, स्वतःच तिघांच्या जागी बसून खेळली. प्रत्येक डाव तीच जिंकली आणि प्रत्येक डाव तीच हरली. दुपार काही सरेना. जिंकल्यावर जिला चिडवावं, तीच समोर नव्हती.

इतक्यात भिंतीपलीकडून हसण्याचा कल्लोळ आला. तेलीण जाऊन पाहते तर काय, कासारणीच्या ओसरीवर डाव मांडलेला. कासारीण, गुरवाची म्हातारी, आणि तिसरा हात खुद्द तेलिणीच्याच नवऱ्याचा. मत्स्याच्या राजाच्या जागी त्यांनी एक चानकी, म्हणजे उरल्यासुरल्या पिठाची इवलीशी भाकरी, वाळवून घेतली होती. तिच्यावर हळदीने मासा काढलेला. ती कोणाच्या हातात आहे हे लांबूनही दिसायचं, तरी खेळ रंगत होता.

"राजा कुठं गेला?" म्हातारी विचारत होती.

"याने खाल्ला," कासारणीने तेल्याकडे बोट दाखवलं.

"हरतच होतो," तेली म्हणाला. "मीठ मात्र कमी होतं."

तेलिणीला हसू आलं आणि रडूही. ती आल्या पावली घरी गेली, पाटा सरकवला आणि खरा राजा घेऊन परत आली.

"हा तुझ्या जोडात घाल," ती कासारणीला म्हणाली. "माझा अपुराच राहू दे."

कासारणीने आधी राजाकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे.

"हात धुतलेस?"

"नाही."

"मग बस."

म्हातारीने सरकून जागा दिली. दिवेलागणीपर्यंत तेलीण एकूण एक डाव हरली, आणि दर डावाला कासारणीने तिला पोटभर चिडवलं.

म्हणून लक्षात ठेवा: पानं कितीही जमवा, समोर खेळणारं माणूस नसेल तर डाव अपुराच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मत्स्याच्या राजाच्या मुकुटावर तेलाचा अंगठा उमटलेला दिसला, आणि कासारणीने तो पुसला नाही.