कॉनकॅनन मास्तरांचं खिंडार

"मास्तर, ही मधली जागा कधी भरणार?"

म्हातारा चहा ढवळत राहिला.

"परवा गाडी येतेय न्यायला."

"येऊ दे."

"आणि चित्र अर्धं!"

"अर्धं कुठं? तेवढंच राहिलंय."

विचारणारा कुलभूषण नेजकर, आमच्या कोल्हापूरचा. मुंबईत चित्रकलेचं सुवर्णपदक मिळवून आलेला, आणि ते पदक अजून गळ्यातच असल्यासारखा मान ताठ ठेवून चालणारा. ज्यांना विचारत होता ते डर्मॉट कॉनकॅनन. आजच्या आयरिश चित्रकारांत त्यांच्या वरचं नाव सांगायला कुणी तयार होत नाही.

मी कोपऱ्यात कापडाचं गाठोडं सोडत होतो. आयर्लंडातल्या गॉलवे शहरात माझं कापडाचं दुकान. कॉनकॅनन चित्रांसाठी लिनन पूर्वीपासून माझ्याकडूनच नेत. पुढं त्यांचे हात थरथरायला लागले, गाडी चालवणं सुटलं, तेव्हापासून मीच माल पोचवायला जाऊ लागलो आणि गेलो की दोन-तीन दिवस मुक्काम करू लागलो. दक्षिणेला, क्लेअर परगण्यातल्या चुनखडीच्या टेकड्यांत त्यांचं दगडी घर. जूनमध्ये कुलभूषणला शिकायला मीच तिथं नेऊन सोडलं होतं.

तिकडं गुरूलासुद्धा नुसत्या नावानं हाक मारतात. आमच्या पोराच्या जिभेला ते जमेना. तो 'मास्तर' म्हणू लागला. म्हाताऱ्यालाही तो शब्द मानवला. तो याला 'कूल' म्हणायचा, आणि पोरगं भयंकर तापट.

चित्र भिंतीएवढं होतं. डब्लिनच्या एका नव्या वाचनालयासाठी केलेलं. राखाडी, निळसर, कुठं मातकट... आणि ऐन मध्यावर दरवाजाएवढी जागा कोरी. नुसतं माझं कापड.

आता दुकानदार म्हणून मला यात अभिमानच. बाकीचे चित्रकार माझा माल झाकून टाकतात. हा एकटाच मोकळा ठेवतो.

पण ही सवय त्यांना महागातही पडली होती. त्यांचा बाप बिनचुन्याच्या दगडी भिंती रचणारा. हे लंडनला जाऊन रस्त्यांवर डांबर ओतायचे आणि रविवारी चित्रं काढायचे. डब्लिनला पहिलं प्रदर्शन लावलं, तेव्हा एका वर्तमानपत्रानं लिहिलं, 'श्री. कॉनकॅनन यांचा रंग मध्येच संपलेला दिसतो. रसिकांनी वर्गणी काढून घेऊन द्यावा.' दुसऱ्या दिवशी हे त्या कचेरीत हजर. म्हणाले, "रंग न्यायला आलोय. पांढरा नको, तो आहे."

मग पॅरिस झालं, अमेरिका झाली. ज्या कोऱ्या जागांवरून लोक हसले होते त्याच जागांवर पुस्तकं निघाली. पदव्या आल्या, मेजवान्या आल्या. बायको ऊना होती तोवर ती सगळीकडं हसून बोलायची आणि हे मागं उभे राहायचे. ती गेली, तसे हे टेकडीवर परत आले. तेव्हापासून माणूस थकलेलाच बघतोय मी. झोपेनं जाणारा थकवा तो नव्हे.

"मास्तर, पुस्तकात लिहिलंय, ती कोरी जागा म्हणजे मौन."

"एकानं मौन लिहिलं. दुसऱ्यानं देशाची जखम. तिसऱ्यानं लिहिलं, ती माझी वारलेली आई."

"मग?"

"आई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तिला वाचून दाखवलं. म्हणाली, मग हे बटाटे कोण सोलतंय?"

मी हसलो. कुलभूषण हसला नाही.

"मग मोकळी का ठेवलीय?"

"अजून आलं नाही."

"कोण?"

"आलं की कळेल."

"आणि नाहीच आलं तर?"

पोरानं मग मनातलं बाहेर काढलं. चार महिने ते त्याच्या ओठांवर होतं. मला ठाऊक होतं.

"मी भरतो. तुमचा हात आता ऐकत नाही, मास्तर. माझा ऐकतो. तुमच्यासारखी रेघ मला येते, तुम्हीच म्हणालात. वाचनालयवाले अर्धं चित्र घेणार नाहीत, तसं कळवलंय त्यांनी. मी पुरं करतो. खाली तुमच्या नावाशेजारी माझं नाव. बारीक अक्षरांत चालेल."

कॉनकॅनन यांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला. तो तिथंही थरथरत होता. त्यांनी त्याच्याकडं दुसऱ्याचा हात असावा तसं पाहिलं.

"ब्रीजीच्या कुरणाच्या भिंतीत खिंडार आहे," ते म्हणाले. "ते बघून ये."

"बघून काय करू?"

"बघ."

ब्रीजी म्हणजे शेजारची म्हातारी. गायी पाळायची. पोरगं पाय आपटत गेलं आणि चहा निवायच्या आत परतलं.

"काका, गाडीची किल्ली द्या."

"कशाला रे?"

"सिमेंट आणतो. भिंत पडलीय तिथं. म्हाताऱ्यानं परीक्षा घ्यायचं ठरवलेलं दिसतंय. गवंडीकाम तर गवंडीकाम!"

मी किल्ली दिली. गुरांतलं आणि भिंतींतलं मला काय कळतंय? मी गज-वारातला माणूस.

दुपारपर्यंत त्यानं खिंडार बुजवलं. बाजूला रचून ठेवलेले दगडच वापरले, आणि सांध्यासांध्यात सिमेंट. वर थापी फिरवून गुळगुळीत केलं. त्या मैलभर ओबडधोबड भिंतीत तेवढाच तुकडा नव्या दातासारखा चमकत होता.

कॉनकॅनन काठी टेकत बघायला आले. भिंतीजवळ उभे राहिले. तळहात टेकवला.

"इथून वारा यायचा," म्हणाले.

"आता एक झुळूक येणार नाही, मास्तर."

"ब्रीजीला दाखवलंस?"

"कळेलच तिला."

"कळेल," ते म्हणाले, आणि झोपायला गेले.

पोरानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. परीक्षा पास!

दुसऱ्या दिवशी कॉनकॅनन उठलेच नाहीत. छाती भरली होती. मी त्यांच्या उशाशी बसून लिननच्या बाजारातल्या गप्पा सांगत राहिलो. ते डोळे मिटून ऐकत होते की नव्हते, कोण जाणे. पलीकडच्या खोलीतून टर्पेंटाईनचा वास येत होता.

"वास येतोय," ते डोळे न उघडता म्हणाले.

"ब्रश धूत असेल."

"हं..."

संध्याकाळी मी त्या खोलीत डोकावलो. मधली जागा भरली होती.

आणि खरं सांगतो, सुरेख भरली होती. तेच राखाडी, तीच निळाई, हाताचं वळणही तेच. शिवण कुठं आहे ते मला कापडवाल्यालाही दिसेना. कुलभूषण खाली बसला होता, बोटं रंगलेली, चेहऱ्यावर पहिलवानानं कुस्ती मारावी तसं हसू.

"कसं वाटतं, काका?"

"माझं कापड गेलं रे," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आरडाओरड्यानं जाग आली.

"डर्मॉट! ए डर्मॉट! तुझ्या त्या राजपुत्राला बाहेर काढ!"

ब्रीजी. डोक्याला रुमाल, हातात काठी, आणि मागं अख्खा रस्ता भरून गायी. त्या चमकत्या भिंतीपुढं उभ्या. पुढची गाय सिमेंट हुंगत होती.

मग आम्हा दोघांना उलगडा झाला. त्या मुलखात भिंतींना फाटक ठेवत नाहीत. गुरं पलीकडं न्यायची असली की तेवढे दगड उतरवून बाजूला रचतात, गुरं गेली की परत लावतात. आणि जगात सगळीकडं थंडीला गुरं खाली आणतात. हे लोक वर टेकडीवर चढवतात. चुनखडीचा खडक उन्हाळाभर तापलेला असतो, तो थंडीत ऊब देतो, आणि गवतही त्याच्या फटींतच टिकतं. ब्रीजीनं स्वतःच्या हातानं ते खिंडार आदल्या आठवड्यात उघडून ठेवलं होतं.

"मी म्हटलं पडलीय भिंत..." कुलभूषण पुटपुटला.

"पडली? माझ्या आजोबांनी रचलीय ती! पडेल कशी?" ब्रीजी म्हणाली. "आणि हे काय लावलंयस? केकवरचं क्रीम?"

कॉनकॅनन अंगावर कांबळं ओढून दारात उभे होते. कोपऱ्यातली पहार उचलायला वाकले, हाताला पेलेना. पोरानं धावत जाऊन ती घेतली.

सिमेंट चांगलं धरलं होतं. पोरानं काम चोख केलं होतं ना! घाम निघाला त्याचा. गायी रस्त्यातच बसल्या. ब्रीजी दगडावर बसून दर घावाला एकेक टोमणा मोजून देत होती.

"मार, मार. सुवर्णपदक मिळालंय म्हणे? कशात, भिंती बुजवण्यात?"

तो एकदाही उलटून बोलला नाही. मला वाटतं, त्याच्या डोक्यात दुसरीच खोली होती.

शेवटी वाट झाली. गायी एकेक करून त्यातून गेल्या. शेवटचं वासरू अडखळलं, मग तेही गेलं.

कुलभूषण पहार घेऊन मास्तरांसमोर येऊन उभा राहिला.

"मास्तर, काल मी... आत चला जरा."

कॉनकॅनन चित्रापुढं जाऊन उभे राहिले.

"चांगलं भरलंयस. तुला दिसलं? तिथं काय होतं ते?"

"नाही."

"मग कशानं भरलंस?"

पोरानं आजूबाजूच्या रंगाकडं बोट दाखवलं, आणि मग ते बोटही खाली घेतलं.

इतक्यात गाडी आली. वाचनालयाच्या समितीचे गृहस्थ उतरले, कोट झटकत आत आले आणि चित्र बघून टाळीच वाजवली.

"अखेर! कॉनकॅनन, पुरं केलंत! आम्हाला धास्ती होती हो. लोक विचारतात, मधे भगदाड कसलं म्हणून."

कॉनकॅनन खुर्चीत बसले. मी त्यांचा चेहरा बघत होतो. वाटलं, आता उठतील, गरजतील.

"आवडलं ना?" ते म्हणाले. "न्या."

"मास्तर!"

"नेऊ दे, कूल. दमलो मी."

हमाल पुढं झाले. कुलभूषण आडवा आला. पहार अजून हातातच होती, त्यामुळं हमाल जरा बिचकले.

"नेऊ नका. मधलं त्यांचं नाही, माझं आहे. काल भरलंय."

गृहस्थांनी चित्राकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं.

"पण छान भरलंय की! तुमचं नाव घालू आपण. शेजारी. काय नाव आपलं?"

ज्यासाठी चार महिने झुरला, ते असं उभ्या उभ्या समोर आलं. मी त्याचा चेहरा बघितला नाही. धंद्यात मी एक शिकलोय, समोरचा सौदा तोडत असताना त्याच्या तोंडाकडं बघू नये.

"नाव नाही," तो म्हणाला. "चित्र पुरं झालेलं नाही."

"कधी होईल?"

"ठाऊक नाही."

"मग आम्हाला दुसरा कुणी बघावा लागेल."

"बघा."

गाडी रिकामी गेली.

पोरानं दार लावून घेतलं. पात्यानं ओला रंग खरवडला, मग टर्पेंटाईनच्या फडक्यानं पुसत राहिला. रंग निघाला. पण लिनन फार जिवंत कापड असतं; पाजलेलं ते विसरत नाही. मधल्या जागेवर फिकट राखाडी डाग राहिला, सकाळी काचेवर धुकं धरतं तसा.

"हा जात नाही, मास्तर."

"राहू दे. तेवढी तुझी सही."

...

उन्हं कलताना कॉनकॅनन काठी घेऊन बाहेर आले. आम्ही दोघं मागोमाग. वर टेकडीवर ब्रीजीच्या गायी ठिपक्यांसारख्या पसरल्या होत्या. खिंडारातून गार वारा येत होता. सकाळी फोडलेले दगड तिथंच पडले होते, काहींना सिमेंट चिकटलेलं.

कॉनकॅनन एका दगडावर टेकले. धाप लागली होती.

"सिमेंट झाडून घे," म्हणाले, "आणि लाव."

"काय?"

"दगड. खिंडार बंद कर."

पोरगं जागीच थांबलं. मग खाली बसलं.

"मास्तर, परवा मी हेच केलं तर चुकलं. सकाळी फोडायला लावलंत. आणि आता तेच करायला सांगताय."

म्हाताऱ्यानं टेकडीकडं बघत एक दगड उचलला, गुडघ्यावर ठेवला, आणि पोराकडं सरकवला.

"परवा गायी अलीकडं होत्या."