रिकामं टेबल

देशोदेशीच्या मध्यम आकाराच्या रॉकेटांचं प्रदर्शन भरलं होतं. आपल्या उपग्रहासाठी रॉकेट निवडायला कमलजाबाई निंबकर जातीनं आल्या, आणि नेमकी वैजयंतीच्या कंपनीच्या रॉकेटची प्रतिकृती विमानतळावर अडकून पडली! टेबल रिकामं.

शेजारी परदेशी कंपनीचे कारखानीससाहेब मिशीला पीळ देत होते. त्यांची प्रतिकृती छताला टेकलेली.

"काय हो, तुमचं रॉकेट दिसत नाही कुठं?" त्यांनी बाईंसमोरच टोमणा मारला.

"गेल्या आठवड्यातच वर गेलं," वैजयंती म्हणाली. "तुमचं?"

"प्रक्षेपणतळावर उभंय की! तीन वर्षं झाली. सगळ्यांत उंच!"

"असेल. पण साहेब, रॉकेटची उंची ते उडाल्यावर मोजतात."

कमलजाबाई खळखळून हसल्या आणि रिकाम्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या. "बोला, आमचा उपग्रह कधी नेता?"