पोवळी, खाडीपरी आणि बारीक जाळं

निळ्याशार समुद्राच्या काठी, माडांच्या सावलीत, एक पिटुकलं घर होतं. घर कसलं, कुडाच्या भिंती आणि वर माडाच्या विणलेल्या पानांची झापं. त्यात पोवळी नावाची मुलगी आणि तिची आई चांगुणा राहायच्या. पोवळीचे बाबा समुद्रावर गेले ते परतलेच नव्हते. चांगुणा लोकांची जाळी विणायची आणि त्याबद्दल मिळणाऱ्या तांदळावर दोघी दिवस काढायच्या. पावसाळ्यात तर नुसती पातळ पेज. पोवळी तिच्यात शितं शोधायची, आणि एखादं सापडलं की आधी आईला दाखवायची.

पावसाळ्यात त्या गावात कुणी होडी पाण्यात घालत नसे. होड्या वाळूवर ओढून झापांखाली झाकून ठेवायच्या. त्या दिवसांत मासे अंडी घालतात, पिल्लं वाढवतात. गावातल्या बायका म्हणत, दर्याचं बाळंतपण चाललंय, बाळंतिणीच्या खोलीत कुणी धाडधाड शिरतं का? नारळी पुनवेला दर्याला नारळ वाहायचा, मगच होड्या सोडायच्या.

पण गोमाजी तांडेलाला धीर कुठला? गावातली सगळ्यात मोठी होडी त्याची आणि सगळ्यात मोठं पोटही त्याचंच. तो जेवायला बसला की ताटाला घाम फुटायचा. एक दिवस तो चांगुणाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मला बारीक जाळं विणून दे. करंगळीसुद्धा आत जाता कामा नये."

चांगुणा हळूच म्हणाली, "तांडेलदादा, त्यात पिल्लंच अडकतील."

"मग? ती काय तुझ्या माहेरची आहेत?" असं म्हणून तांडेल हसला. विणलं नाहीस तर तांदूळ बंद, हेही जाता जाता सांगून गेला.

चांगुणाने जाळं विणलं. पोवळीला इतका राग आला, की ती आईशी बोलेनाशी झाली.

तांडेलाची होडी भर पावसाळ्यात समुद्रावर गेली आणि भरून आली. मोठे मासे टोपल्यांत गेले. आणि चांदीच्या टिकल्यांसारखी इवली इवली पिल्लं? ती त्याने वाळूत ओतून दिली, केर टाकावा तशी. सगळा गाव बघत होता. तांडेलापुढे बोलणार कोण?

पोवळीचे डोळे रागाने भरून आले. जी पिल्लं अजून तडफडत होती, ती तिने पाण्याच्या कळशीत भरली आणि धावत धावत खाडीकाठच्या तिवरांच्या बनात नेऊन सोडली. हिरव्या सावलीत, हिरव्या पाण्यात, पिल्लं लुकलुकत निघून गेली.

तेवढ्यात तिवराच्या मुळावर काहीतरी चमचमलं. बोटभर उंचीची एक परी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या अंगात शेवाळी झगा होता, पंख पापलेटाच्या परासारखे रुपेरी होते, आणि नाकाचा शेंडा रागाने लालबुंद झाला होता.

"मी खाडीपरी," ती म्हणाली. "माझी बाळं वाळूत फेकणारा कोण तो, ते मला ठाऊक आहे. आणि त्यांना उचलणारी कोण, तेही आत्ता कळलं. सोनुले, एक इच्छा माग. पण नियम ऐक. जे बदलायचं, ते ज्याने घडवलं, त्याने मनापासून हो म्हटलं पाहिजे."

पोवळीच्या पोटात भूक गुरगुरली. भाताने भरलेलं मडकं तिच्या डोळ्यांपुढे आलं. पण तिने तांडेलाचं मन बदलून मागितलं. मन ज्याचं त्यानेच घडवलेलं असतं, म्हणून परी त्याला विचारायला भुर्रकन उडाली आणि पंख पाडून परत आली. तांडेल जेवत होता. त्याने मान वर न करताच नाही म्हटलं होतं.

"मग त्या जाळ्याची भोकं मोठी कर," पोवळी म्हणाली.

"जाळं घडवलं कुणी?"

"आईने," पोवळी म्हणाली. मग मान खाली घालून घरी गेली आणि कित्येक दिवसांनी आईशी बोलली. तिने सगळं सांगितलं. चांगुणाने तांदळाच्या रिकाम्या होत चाललेल्या मडक्याकडे पाहिलं. तांडेलाला कळलं तर उद्या चूल पेटणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बाय गं," ती म्हणाली, "एकेक गाठ मारताना माझाही जीव जळत होता. माझ्या हातांनी पोरं मारायची, आणि वर त्याने हसायचं? सोडव त्या गाठी. माझं हो आहे."

परीने फुंकर घातली. रुपेरी धूळ भिरभिरली.

दुसऱ्या दिवशी तांडेलाने समुद्रात जाळं ओढलं, तर भोकाभोकातून पिल्लं चांदीच्या धारांसारखी निसटली, आणि सुटलेल्या गाठींमधून मोठे मासेही त्यांच्यामागे गेले. मागे राहिला एक म्हातारा खेकडा. त्याने तांडेलाचा अंगठा असा धरला, की तांडेल किनाऱ्यापर्यंत ओरडत आला.

तो तडक चांगुणाच्या दारात गेला. तिने गाठी सैल मारल्या, आता तिला गावात कोण तांदूळ देतं ते बघतो, म्हणून गरजला. पोवळी आईच्या पुढे उभी राहिली. ती जागची हलली नाही.

मग शेजारची हौसाकाकू पुढे आली. "आमची पोरं पेजेवर राहतात, ती दर्याची पोरं वाढावीत म्हणून," ती म्हणाली. "आणि तू ती वाळूत फेकतोस? आम्ही गप्प राहिलो, ती आमची चूक. आता नाही."

बायकांनी पदर खोचले, तांडेलाची होडी ओढून वाळूवर घेतली आणि झापांखाली झाकली. मग ज्याच्या त्याच्या घरून ओंजळ ओंजळ तांदूळ चांगुणाच्या मडक्यात पडला. तांडेल अंगठा चोखत बघत राहिला.

नारळी पुनव आली. दर्याला नारळ वाहून होड्या निघाल्या आणि वाकतील इतक्या भरून आल्या. तोवर पिल्लं चांगली टपोरी झाली होती ना! प्रत्येक होडीने पहिला मासा पोवळीच्या दारात ठेवला. शेवटी तांडेलही आला आणि खाली मान घालून नवं जाळं विणून देशील का म्हणाला.

"देईन," चांगुणा म्हणाली. "पण भोकं केवढी ठेवायची, ते मी ठरवीन."

तांडेलाने मुकाट्याने मान हलवली. तेव्हा लाटेच्या शेंड्यावर एक इवलंसं हसू खुदकन फुटलं. पोवळीने वळून पाहिलं. खाडीपरीने तिला हात हलवला, सोनेरी उन्हाचा एक झोत पाण्यावर पसरला, आणि त्या लखलखाटात परी विरघळून गेली.