पांढऱ्या चोचींचा काठ

त्या राज्यात दात जनावरांना होते आणि दातांची निगा पाखरांकडे होती. नदीकाठी प्रत्येक पाखराचा एकेक खडक होता. जनावर यायचं, खडकावर हनुवटी टेकून आ करायचं, आणि पाखरू आत शिरून अडकलेलं, कुजलेलं चोचीने काढायचं. जबडा उघडा ठेवणाऱ्याला पाखराचा भरवसा लागतो आणि जबड्यात शिरणाऱ्याला जनावराचा. त्या भरवशावर काठ चालत होता.

मग एका वर्षी हिरड्या सडवणारा रोग आला. एका तोंडातून निघालेल्या चोचीवर बसून तो दुसऱ्या तोंडात गेला, आणि कितीतरी जनावरं उपाशी मेली. तेव्हा नियम झाला. एक तोंड झालं की पाखराने टेकडीवरच्या उकळत्या झऱ्याशी जायचं आणि सोसवेल तोवर चोच पाण्यात धरायची. त्या पाण्याचं चोचीवर पातळ पांढरं पुट राहतं. ते पाहायला करकोचा नेमला गेला. चोच पांढरी तर खडक राहिला. नाही तर एकदा ताकीद, आणि दुसऱ्यांदा खडक दुसऱ्याला. पाहणीचा दिवस ठरलेला नसे. करकोच्याला स्वतःला दात नव्हते, त्यामुळे काठावर कुणापुढे आ करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

भागू टिटवी जन्माची संशयी. कुणी गोड बोललं की हिच्या मनात आधी येई, पाणी कुठेतरी मुरतंय. पण कामाला चोख. झऱ्यावर जाऊन आली की ती वाहत्या नदीत चोच आणखी एकदा खळबळून घ्यायची, कारण ते पुट कडूजहर, आणि तिच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या पाणमांजराला, आबांना, त्याने ठसका लागे. आबा साऱ्या काठावर फक्त तिच्यापुढे तोंड उघडत. बाकीच्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

आणि नेमकं तेच नडलं. पाहणीच्या दिवशी साऱ्या काठात भागूची चोच तेवढी लालचुटूक. आत्ताच झऱ्यावरून आलेय, असं तिने परोपरीने सांगितलं.

"असेल," करकोचा म्हणाला, "पण दिसत नाही."

ताकीद मिळाली. तिच्या खडकामागे, वाळूच्या खळगीत, तिची अंडी होती. खडक गेला तर नवा मालक ती तिथे थोडीच राहू देणार?

शेजारच्या खडकावर खंड्या होता. त्याची चोच बारा महिने पांढरीशुभ्र आणि त्याच्यापुढे जनावरांची ही रांग. भागू विचार करायला लागली. टेकडी चढायची, चोच भिजवायची, परत यायचं, आणि तरी याचं एक तोंड संपतं न संपतं तोच दुसरं सुरू? हा जातो कधी नि येतो कधी? एका दुपारी ती त्याच्या मागावर गेली.

खंड्या झऱ्यापर्यंत आला खरा, पण पाण्याजवळ गेलाच नाही. काठावर वर्षानुवर्षांचे पांढरे थर वाळून बसले होते. त्याने त्यातला एक पापुद्रा उचकटला, थुंकीत कालवला आणि चोचीला फासला. भागूला पाहून तो दचकलासुद्धा नाही.

"भागूताई, उकळत्या पाण्यात चोच घातली की हा लेप सुटतो," तो म्हणाला. "म्हणून मी पाण्याकडे फिरकतच नाही."

भागू तडक करकोच्याकडे गेली. एका पायावर उभं राहून त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, खंड्याची चोच पांढरी आहे की नाही? आहे, असं तिला म्हणावंच लागलं. आणि तुझी? नाही, हेही तिला कबूल करावं लागलं. ज्याची स्वतःची चोच लाल, त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये, एवढं सांगून तो चालता झाला.

करकोच्याला खंड्याकडून मासे पोचतात, भागूच्या मनाने घेतलं. कामधंदा सोडून ती त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवू लागली. पण तो आपला मासा आपण धरायचा, आपण खायचा, कुणाच्या दाण्याला शिवायचा नाही. लाच खाताना सापडला असता तर भागूला हायसं वाटलं असतं. तो सचोटीचा निघाला, आणि तिला पहिल्यांदाच खरी भीती वाटली.

इकडे आबा येत, चोच नीट निरखत आणि मगच आ करत. काम झालं की काठाच्या बातम्या देत. खंड्याकडे गेलेल्या कोल्ह्याच्या हिरड्या सुजल्या, पलीकडच्या खडकावरचं रानडुक्कर सुजलं.

"पांढऱ्या चोचीखालून आलेला एकेक जण सुजतोय, पोरी," एकदा ते म्हणाले. "आम्हाला दात आहेत तसे डोळेही आहेत."

पुढे एका सकाळी खालच्या वळणावर करकोच्याची लांब मान दिसली. भागूने अंड्यांकडे पाहिलं. झऱ्यावर जाऊन यायला वेळ होता. ओलं पुट घेऊन ती आली असती. पण ते पातळ पुट वाऱ्यात उडालं तर? तिने पाण्याऐवजी पापुद्रा गाठला. चोचीला लेप फासताना तिला स्वतःची शिसारी आली, तरी तिने दोन्ही बाजूंनी नीट फासला.

करकोच्याने वाकून पाहिलं आणि कधी नव्हे ते मान डोलावली. "आता कसं!" तो म्हणाला.

तो गेल्यावर लेप धुवावा असं भागूच्या फार मनात आलं. पण तो पुन्हा कधी उगवेल, कुणी सांगावं? अंडी फुटेपर्यंत राहू दे, ती स्वतःला म्हणाली. अंडी फुटली. मग पिलं उडेपर्यंत राहू दे. झऱ्याची वाट तिने सोडली ती सोडलीच.

त्यानंतर आबा आले. दाढ ठणकत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. खडकावर हनुवटी टेकून त्यांनी सवयीने वर पाहिलं आणि पाहतच राहिले.

"आबा, आ करा ना," भागू म्हणाली. "मी आहे, भागू."

आबा काही बोलले नाहीत. बोलायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. तिने शेजारी पाहिलं. खंड्याच्या खडकावर अस्वल हनुवटी टेकून बसलं होतं, त्यापलीकडे लांडगा, त्यापलीकडे तरस. ठणका सोसवत नव्हता म्हणून सगळे आले होते, आणि सगळ्यांचे जबडे गच्च मिटलेले होते. त्यांच्यामधून करकोचा सावकाश फिरत होता. काठभर चोची पांढऱ्या होत्या आणि सुजलेली हिरडी त्याला एकही दिसत नव्हती.